बत्तीस तबकड्यांचा जमाखर्च

(वाणिज्य, द्वितीय वर्ष; बोरगाव)

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने दुर्बिणीवर लेख का लिहावा, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. विज्ञान शाखेच्या मित्रांनी तो मला तोंडावर विचारलाही. त्याचे उत्तर आमच्याच हिशेबाच्या पुस्तकात आहे. कोणतेही यंत्र विकत घेतल्या दिवसापासून जुने होऊ लागते, असे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. दर वर्षी त्याच्या किमतीतून ठरावीक रक्कम घसारा म्हणून वजा करावयाची, यंत्राचे आयुष्य संपले की जे उरेल ते भंगार मूल्य समजावयाचे, आणि ते खाते बंद करावयाचे. ऊस गाळणारा चरक असो की छापखान्याचे यंत्र, नियम सर्वांना एकच.

परंतु काही यंत्रे अशी असतात की, त्यांचे खाते असे बंद करता येत नाही. अशाच एका यंत्राची हकीकत या लेखात सांगावयाची आहे. ते म्हणजे मुंबईजवळ कल्याण येथे १९६५ साली उभी राहिलेली रेडिओ दुर्बीण. बत्तीस लहान तबकड्यांची ही दुर्बीण परदेशातील टाकाऊ सामानातून बनली, आणि तिच्यातून भारतातील रेडिओ खगोलशास्त्राची मोठी परंपरा निघाली. अशा अँटेना जतन कशा होतात, आणि त्या जतन करणे हे शास्त्रज्ञांइतकेच आसपासच्या लोकांचे काम कसे आहे, याचा विचार येथे केला आहे.

१. आकाशातील रेडिओ केंद्रे

प्रथम विज्ञानाची थोडी ओळख करून घेऊ. आपल्या सीमाभागातील जुन्या पिढीला रेडिओची ओळख निराळी करून देण्याचे कारण नाही. आमच्या आजोबांच्या रेडिओवर काटा थोडा सरकवला की धारवाड लागे आणि आणखी थोडा सरकवला की सांगली. कानडी बातम्या आणि मराठी शेतकी कार्यक्रम एकाच घरात एकाच आवडीने ऐकले जात. मात्र मळ्यातील मोटारीचा स्टार्टर दाबला की दोन्ही केंद्रांवर सारखीच खरखर येई. ही खरखर वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

रेडिओलहरी केवळ माणसाने बांधलेली केंद्रेच सोडतात असे नाही. सूर्य, आकाशगंगा, फुटलेल्या ताऱ्यांचे अवशेष आणि दूरच्या दीर्घिकाही त्या सोडतात. हे प्रथम ध्यानात आले ते एका टेलिफोन कंपनीच्या खरखरीमुळे. अमेरिकेतील बेल कंपनीच्या प्रयोगशाळेत कार्ल जान्स्की हा तरुण अभियंता समुद्रापलीकडील रेडिओ-टेलिफोनमध्ये येणाऱ्या खरखरीचे मूळ शोधत होता. त्यातील काही खरखर आकाशगंगेकडून येते, असे त्याने १९३३ साली जाहीर केले. त्यानंतर १९३७ साली ग्रोट रेबर या रेडिओ अभियंत्याने इलिनॉय राज्यातील व्हीटन या गावी आपल्या घराशेजारी सुमारे साडेनऊ मीटर व्यासाची तबकडी स्वतः बांधली आणि रेडिओलहरींतील आकाशाचे नकाशे तयार केले. ती तबकडी आज ग्रीन बँक येथील वेधशाळेच्या आवारात जपून ठेवलेली आहे.

रेडिओ दुर्बिणीतून डोळ्यांनी काही दिसत नाही आणि कानांनी काही ऐकूही येत नाही. आलेल्या लहरींचा जोर किती, याची ती नोंद घेते. तबकडीचे काम त्या लहरी एका बिंदूवर गोळा करणे एवढेच. लहरीची लांबी जितकी जास्त, तितकी बारीक तपशील टिपण्यासाठी तबकडी मोठी लागते. येथे साधे त्रैराशिक मांडून पाहता येईल. ६१० मेगाहर्ट्झ वारंवारतेच्या लहरीची लांबी सुमारे ४९ सेंटिमीटर भरते. १.८ मीटर व्यासाच्या तबकडीने ती लहर पाहिली, तर आकाशाचा सुमारे पंधरा अंशांचा पट्टा एकदम दिसेल. सूर्याचे बिंब मात्र सुमारे अर्ध्या अंशाचेच असते. म्हणजे सूर्य आहे एवढे कळेल. त्याचा कोणता भाग अधिक तप्त, हे मुळीच कळणार नाही.

यावरचा उपाय म्हणजे अनेक लहान तबकड्या अंतराअंतरावर उभ्या करून तारांनी एकमेकींना जोडणे. मग तपशील किती बारीक दिसेल, हे एका तबकडीच्या व्यासावर ठरत नाही. पहिल्या आणि शेवटच्या तबकडीमधील अंतरावर ठरते. हे अंतर ६३० मीटर असेल, तर वरच्याच हिशेबाने सुमारे पावणेतीन कलांचा तपशील मिळतो. एका अंशाच्या साठाव्या भागाला कला म्हणतात, आणि सूर्याचे बिंब सुमारे ३२ कलांचे असते. म्हणजे भाकरीचे तुकडे करावेत तसे सूर्याचे दहा-बारा पट्टे करून एकेक तपासता येतो. कल्याणच्या दुर्बिणीने नेमके हेच केले.

२. सिडनीतील टाकाऊ माल

या तबकड्यांचा जन्म ऑस्ट्रेलियातील. सिडनी शहराजवळ पॉट्स हिल येथे पाण्याच्या जलाशयाच्या काठावर विल्बर क्रिस्टियनसन या शास्त्रज्ञाने १९५० च्या दशकाच्या आरंभी सहा फूट व्यासाच्या ३२ तबकड्यांची रांग उभी केली आणि तिच्या साहाय्याने सूर्याचा अभ्यास केला. ही रांग सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेची होती. कोलंबो योजनेतून याच संस्थेत शिकावयास गेलेले दोन भारतीय तरुण, गोविंद स्वरूप आणि आर. पार्थसारथी, यांनी पुढे त्याच रांगेवर ५०० मेगाहर्ट्झ वारंवारतेने सूर्याचे वेध घेतले.

दरम्यान क्रिस्टियनसन यांचे लक्ष फ्लर्स येथे उभारावयाच्या नव्या व मोठ्या दुर्बिणीकडे वळले, आणि पॉट्स हिलच्या तबकड्या निरुपयोगी ठरल्या. आमच्या भाषेत, त्यांचे भंगार मूल्य काढण्याची वेळ आली. त्या वेळी पंचविशी-सव्विशीत असलेल्या स्वरूप यांनी या तबकड्या भारताला मिळाव्यात अशी कल्पना मांडली. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचे संचालक के. एस. कृष्णन यांनी ती उचलून धरली, आणि सीएसआयआरओनेही तबकड्या देणगीदाखल देण्यास संमती दिली.

येथे वाणिज्याच्या विद्यार्थ्याला गंमत वाटावी अशी अडचण आली. माल फुकट मिळाला होता, पण जहाजाचे भाडे कोणी भरावयाचे? देशात परकीय चलनाची टंचाई होती. काही शे पौंडांच्या त्या भाड्यावरून दोन्ही बाजूंत बराच पत्रव्यवहार झाला. अखेर तबकड्या भारतात पोहोचल्या; परंतु तोपर्यंत स्वरूप अमेरिकेस गेले होते, आणि त्या दिल्लीत पडून राहिल्या.

१९६१ साली परदेशी असलेल्या चौघा भारतीयांनी, म्हणजे स्वरूप, टी. कृष्णन, मुकुल कुंडू आणि टी. के. मेनन यांनी, भारतात रेडिओ खगोलशास्त्राचा गट स्थापण्याची योजना देशातील संस्थांकडे पाठविली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे संचालक होमी भाभा यांनी ती स्वीकारली. १९६३ साली स्वरूप मायदेशी परतले, पडून राहिलेल्या तबकड्या टाटा संस्थेकडे आल्या, आणि १९६५ च्या एप्रिलपर्यंत कल्याण येथे दुर्बीण उभी झाली. २४ तबकड्या पूर्व-पश्चिम ६३० मीटरांच्या रेषेवर आणि ८ तबकड्या दक्षिणोत्तर २५६ मीटरांच्या रेषेवर मांडण्यात आल्या. पुढील तीन वर्षे तिने ६१० मेगाहर्ट्झवर शांत सूर्याचे वेध घेतले. सूर्याचा बाह्य तेजोमंडल, ज्याला प्रभामंडल म्हणतात, त्याचे तापमान सुमारे दहा लाख अंश असल्याचे या वेधांतून दिसून आले.

आता हे खाते मांडू. खर्चाच्या बाजूस जहाजाचे भाडे, केबल, खांब, काही तरुणांचे पगार आणि बरीच उन्हातली मेहनत. जमेच्या बाजूस काही शोधनिबंध, हे तर झालेच. पण खरी जमा माणसांची होती. ज्यांनी कल्याणच्या माळावर तारा ओढल्या, ग्राहक यंत्रे जोडली आणि बिघाड शोधले, त्या तरुणांपैकी अनेकांनी पुढची मोठी दुर्बीण बांधली. ही रक्कम कोणत्याही ताळेबंदात दाखविता येत नाही.

३. कल्याणनंतर

पुढची दुर्बीण तमिळनाडूत उटीजवळ उभी राहिली आणि फेब्रुवारी १९७० मध्ये पुरी झाली. ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद अशी ही पन्हळाच्या आकाराची अँटेना आहे. स्वरूप यांची युक्ती अशी की, उटीचा अक्षांश सुमारे अकरा अंश. तेवढ्याच उताराची दक्षिणोत्तर टेकडी शोधून तिच्यावर हे पन्हळ बसविले. त्यामुळे दुर्बिणीचा आस पृथ्वीच्या आसाला समांतर आला, आणि एकाच आसाभोवती फिरवून एखाद्या ताऱ्याचा साडेनऊ तास पाठलाग करता येऊ लागला. डोंगराचा उतार हीच येथे अर्धी यंत्रसामग्री ठरली.

आपल्या कर्नाटकातही या शास्त्राचे जुने ठाणे आहे. चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यातील गौरीबिदनूर येथे १९७६ च्या सुमारास इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराची दुर्बीण कामास लागली. तिच्यात एकूण १००० द्विध्रुवी अँटेना होत्या आणि ती ३४.५ मेगाहर्ट्झवर वेध घेई. बेंगळुरूच्या रामन संशोधन संस्था आणि भारतीय खगोलभौतिकी संस्था यांचे हे काम. आपल्या मासिकाच्या कन्नड विभागात कोणी त्यावर स्वतंत्र लेख लिहिल्यास दोन्ही लेख मिळून एक पूर्ण धडा होईल.

त्यानंतर स्वरूप यांच्याच नेतृत्वाखाली पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळ खोडद येथे, जीएमआरटी ही प्रचंड दुर्बीण झाली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्यांपैकी १४ मध्यभागी जवळजवळ आणि १६ तीन दिशांना जाणाऱ्या भुजांवर. सर्वांत दूरच्या दोन तबकड्यांमधील अंतर सुमारे २५ किलोमीटर. एवढ्या मोठ्या तबकड्या पत्र्याच्या केल्या असत्या तर वजनाने आणि वाऱ्याने पेलल्या नसत्या. म्हणून पोलादी दोरखंडांवर बारीक तारेची जाळी ताणून त्या बनविल्या. लहरीची लांबी जाळीच्या भोकांपेक्षा पुष्कळ मोठी असल्याने तिला जाळीही भिंतीसारखीच भासते. वारा मात्र आरपार जातो. २०१६ च्या ऑक्टोबरात शियापारेली हे युरोपीय यान मंगळावर उतरत असता त्याचा क्षीण संदेश खोडदच्या शिवारात टिपला गेला. २०२० साली अभियांत्रिकी क्षेत्रातील आयईईई या जागतिक संस्थेने जीएमआरटीला ‘मैलाचा दगड’ हा सन्मान दिला. भारतात त्यापूर्वी हा सन्मान जगदीशचंद्र बोस आणि सी. व्ही. रामन यांच्याच कार्याला मिळाला होता. त्याच वर्षी ७ सप्टेंबरला गोविंद स्वरूप पुण्यात निधन पावले.

सहा फुटांच्या बत्तीस तबकड्यांपासून पंचेचाळीस मीटरांच्या तीस तबकड्यांपर्यंतचा हा प्रवास. त्यातील पहिले पाऊल कल्याणला पडले. कल्याण म्हटले की आपल्याला जंक्शन आठवते, दुर्गाडीचा किल्ला आठवतो. ही दुर्बीण सहसा आठवत नाही.

४. शेजाऱ्यांचा हिस्सा

जुनी वास्तू पडली की ती गेली, हे सर्वांना दिसते. रेडिओ दुर्बीण मात्र उभी असूनही जाऊ शकते. तिच्या भोवती मोबाइलचे मनोरे, कारखाने, विजेच्या ठिणग्या वाढल्या की आकाशातील क्षीण लहरी त्या गोंगाटात बुडतात. मळ्यातील स्टार्टरने आजोबांचे धारवाड बुडत असे, तसेच. म्हणून दुर्बिणीला कुंपणाच्या बाहेरही शांतता लागते, आणि ती शांतता शेजाऱ्यांनीच द्यावयाची असते.

शेजाऱ्यांना ती फुकट पडत नाही. अर्थशास्त्रात याला संधी खर्च म्हणतात, म्हणजे एक गोष्ट निवडल्यामुळे जी दुसरी सोडावी लागली तिची किंमत. पुणे-नाशिक जलद रेल्वेचा आखलेला मार्ग नारायणगावच्या बाजूने जाणार होता. तो दुर्बिणीच्या कामात बाधा आणील, म्हणून तसाच मंजूर करता येणार नाही, अशी भूमिका २०२४ च्या अखेरीस केंद्र सरकारकडून पुढे आली, आणि दुसऱ्या मार्गांचा विचार सुरू झाला. द्राक्षे आणि टोमॅटो पिकविणाऱ्या त्या भागाला रेल्वेची किती आस असेल, हे आपल्यासारख्या ऊस-तंबाखूच्या भागातील लोकांना समजावून सांगावयास नको.

माझी मावशी त्याच बाजूस राहते. तिच्याकडे गेलो असता एका विज्ञान दिनाला खोडदला जाण्याचा योग आला. २८ फेब्रुवारीच्या सुमारास तेथे दुर्बीण सर्वांसाठी खुली करतात, आणि आसपासच्या शाळा-महाविद्यालयांतील मुले आपापले प्रयोग मांडतात. गर्दीत शेतकरी होते, बचत गटांच्या बाया होत्या, सहलीची मुले होती. अभियंते तबकडीखाली उभे राहून मराठीतून समजावून सांगत होते. ती अजस्र तबकडी हळूहळू वळू लागली तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या एका वयस्क बागायतदारांनी मला विचारले, “पाव्हणं, कुठनं आलात?”

मी म्हणालो, “बेळगाव जिल्ह्यातनं, निपाणीकडनं. काका, तुम्ही तर रोज बघत असाल हे.”

“रोज बघतो, पर आत आज आलो,” ते म्हणाले. “आगगाडी लांबनं गेली तर जाऊ द्या. पर ती कशापायी लांबनं गेली, ते नातवाला सांगता आलं पाहिजे ना मला.”

मला वाटते, जतनाच्या सर्व प्रश्नाचे मर्म या एका वाक्यात आहे. माणसे त्याग करावयास तयार असतात. पण तो कशासाठी, हे त्यांना त्यांच्या भाषेत कळले पाहिजे. ते कळले की दुर्बीण सरकारची राहत नाही, आपली होते. ते कळले नाही, तर पुढच्या पिढीला ती वाटेतली अडचण वाटू लागेल, आणि तसे वाटण्यात त्या पिढीची चूक म्हणता येणार नाही.

५. इतरत्र काय घडले

परदेशांतील तीन उदाहरणे थोडक्यात पाहू. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातील होल्मडेल येथे कर्ण्याच्या आकाराची एक अँटेना आहे. १९६४ साली आर्नो पेन्झियस आणि रॉबर्ट विल्सन यांना तिच्यात सर्व दिशांनी सारखीच येणारी एक खरखर आढळली. विश्वाच्या आरंभकाळातील ती उष्णता निघाली, आणि दोघांना १९७८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे ती जमीन एका बांधकाम व्यावसायिकाच्या हाती गेली व तेथे घरे बांधण्याचा विचार सुरू झाला. अँटेनाला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा होता, तरी गावकऱ्यांनी स्वस्थ न बसता सह्या गोळा केल्या, सभांत प्रश्न विचारले. आणि २०२३ साली गावच्या पालिकेने त्या परिसराची जमीन सार्वजनिक उद्यानासाठी घेण्याचा करार केला. केवळ दर्जाच्या कागदाने जे साधेल की नाही याची शंका होती, ते शेजाऱ्यांनी साधले.

नेदरलँड्समधील ड्विंगेलो येथे २५ मीटरांची तबकडी १९५६ साली सुरू झाली. संशोधकांना तिची गरज उरली नाही तेव्हा ती गंजू लागली. मग हौशी रेडिओवाले आणि खगोलप्रेमी यांनी संस्था स्थापन केली, २००९ साली तिला राष्ट्रीय वास्तूचा दर्जा मिळाला, आणि तबकडी उतरवून, दुरुस्त करून, २०१४ साली पुन्हा सुरू झाली. आज स्वयंसेवक ती चालवितात आणि शाळकरी मुले तिच्यातून वेध घेतात.

तिसरे उदाहरण आपल्याला जवळचे आहे. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात रोनाल्ड ब्रेसवेल यांनी सूर्याच्या वेधासाठी तबकड्यांची जी मालिका उभारली, तिच्या कामात त्यांचे विद्यार्थी गोविंद स्वरूप यांचाही हात होता. तबकड्यांखालील काँक्रीटच्या खांबांवर भेटीस येणाऱ्या शास्त्रज्ञांकडून छिन्नीने सह्या कोरून घेण्याची ब्रेसवेल यांची पद्धत होती. ती वेधशाळा पाडली गेली, परंतु काही खांब मात्र वाचविण्यात आले. ते न्यू मेक्सिको राज्यातील मोठ्या रेडिओ दुर्बिणीजवळ नेऊन त्यांची छायायंत्र-घड्याळासारखी रचना केली. सूर्याची सावली तेथे वेळ दाखविते, आणि खांबांवरील नावे वाचता वाचता लोकांना या शास्त्राचा इतिहास कळतो.

या तिन्ही ठिकाणी रीत निराळी आहे. कोठे जमीन वाचविली, कोठे यंत्र पुन्हा चालू केले, कोठे नुसते खांब आणि नावे राखली. म्हणजे संपूर्ण यंत्र हाती नसले तरी जतन करता येते. कल्याणच्या बाबतीत हे विशेष लक्षात घेतले पाहिजे. तेथील हकीकत, तेथील आकडे आणि मांडणी आपल्याजवळ आहेत. त्यांवरून पुष्कळ काही करता येईल.

६. आपल्या महाविद्यालयात काय करता येईल

उपदेश करून लेख संपविण्यापेक्षा दोन सूचना करतो. दोन्हींना खर्च अगदी थोडा आहे.

पहिली सूचना अशी. येत्या विज्ञान दिनाला क्रीडांगणावर कल्याणची दुर्बीण दहास एक या प्रमाणात मांडावी. ६३० मीटरांचे ६३ मीटर होतील आणि २५६ मीटरांचे साधारण साडेपंचवीस. चुन्याच्या फक्कीने पूर्व-पश्चिम आणि दक्षिणोत्तर अशा दोन रेषा आखाव्यात. पहिल्या रेषेवर २४ विद्यार्थी साधारण पावणेतीन मीटरांच्या अंतराने उभे राहतील आणि दुसरीवर ८ विद्यार्थी साधारण साडेतीन-पावणेचार मीटरांच्या अंतराने. प्रत्येकाच्या हाती एक लहान ताटली. सहा फुटांची तबकडी या प्रमाणात साधारण १८ सेंटिमीटरांचीच होते. ताटल्या सूर्याकडे वळवून सर्वांनी एकदम फिरवावयाच्या. एका ताटलीने काय साधते आणि बत्तिसांनी मिळून काय साधते, हे शेवटच्या बाकावरील विद्यार्थ्यालाही त्यातून समजेल. निवेदन मराठीत व कन्नडमध्ये दोन्ही व्हावे. दुर्बिणीला कन्नडमध्येही ‘दुर्बीनु’ म्हणतात, तेव्हा सुरुवातीच्या शब्दापासूनच दोन्ही बाजूंचे श्रोते एकत्र येतील.

दुसरी सूचना खरोखरच्या वेधाची. आपल्या गावांत घरोघरी छपरांवर टीव्हीच्या छत्र्या आहेत, आणि मोबाइल आल्यापासून त्यांपैकी कित्येक गंजत पडल्या आहेत. भंगारवाला त्यांचे किलोवर पैसे देतो. या छत्रीला तिच्या तोंडाशी असलेले ग्राहक यंत्र, ज्याला टीव्ही बसविणारे एलएनबी म्हणतात, ते चालू स्थितीत असेल आणि उपग्रह शोधण्याचा काट्याचा छोटा मीटर जोडता आला, तर सूर्याच्या रेडिओलहरी तिच्यात येतात. छत्री मोकळ्या आकाशाकडे असता काटा खाली राहतो. ती सूर्याच्या रोखाने आली की काटा वर चढतो. बाजूला नेली की पुन्हा उतरतो. रोख काट्यावरून आणि सावलीवरून ठरवावा, सूर्याकडे डोळे मुळीच लावू नयेत. पुण्यातील आयुका आणि राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र यांनी याच प्रकारच्या छत्र्यांपासून विद्यार्थ्यांसाठी स्वस्त रेडिओ दुर्बीण तयार करण्याचे काम केलेले आहे, तेव्हा ही केवळ माझी कल्पना नाही. जोडणीसाठी भौतिकशास्त्र विभागाचे आणि गावातील टीव्ही दुरुस्त करणाऱ्या कारागिराचे साहाय्य घ्यावे. त्या कारागिराला त्या दिवशी पाहुणा म्हणून बोलावावे. आपल्या पानाच्या तुलनेत त्याला अँटेना अधिक समजते.

समारोप

हिशेबशास्त्रात ख्याती नावाची एक मालमत्ता असते. दुकानाचे नाव, गिऱ्हाइकांचा विश्वास, पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख, या सर्वांची मिळून ती किंमत. तिच्याबाबतीत एक चमत्कारिक नियम आहे. दुसऱ्याची ख्याती पैसे देऊन विकत घेतली, तर ती वहीत लिहिता येते. स्वतः कमावलेली ख्याती मात्र वहीत लिहिता येत नाही. तिची मोजदाद करण्यास कोणतीही पावती नसते, म्हणून हिशेबनीस ती सोडून देतो.

कल्याणच्या दुर्बिणीची जमा बाजू याच स्वरूपाची आहे. लोखंड आणि केबल यांचा घसारा केव्हाच पुरा झाला. उरली ती कमावलेली ख्याती, म्हणजे सिडनीने टाकलेल्या मालातून आपल्या देशातील काही तरुणांनी एक नवे शास्त्र येथे रुजविले, ही गोष्ट. ती वहीत लिहिता येत नाही, म्हणून ती तोंडी सांगावी लागते, मुलांना करून दाखवावी लागते, आणि दर वर्षी नव्याने सांगावी लागते. सांगणारे थांबले की त्या दिवसापासून तिलाही घसारा लागतो. खोडदचे बागायतदार नातवाला काय सांगतील, आणि आपण आपल्या धाकट्या भावंडांना काय सांगू, यावर पुढच्या दुर्बिणींचे आयुष्य अवलंबून आहे.

तेव्हा वाचक मित्रहो, ज्यांच्या छपरावर निकामी छत्री असेल त्यांनी ती भंगारवाल्यास देण्यापूर्वी एकदा महाविद्यालयात आणावी. बत्तीस ताटल्या गोळा करण्याचे काम मी अंगावर घेतो.